पान पडण्याच्या आधी



या मासिकात मी याआधी दोनदा लिहिले आहे. एकदा रिंगणावर आणि एकदा आमच्या दिंडीच्या विण्यावर. या वेळचा विषय पत्त्यांचा आहे, आणि तेही मोबाइलमधल्या. हे वाचून कुणी अंक मिटून ठेवला तर मी त्याला दोष देणार नाही. माझ्या गळ्यात माळ पडली तेव्हा वडिलांनी चार गोष्टी बजावल्या होत्या, त्यांतली एक हीच होती की पत्त्याला हात लावायचा नाही. त्यांचे कारण खरे होते. आमच्या वसमत भागात तेव्हा पारावर झन्नामन्ना चालायचा. त्यात अक्कल लागत नाही, पान कुठल्या बाजूला पडते तेवढेच पाहायचे. एका रात्रीत बैलजोडी गेलेली घरे मी लहानपणी पाहिली आहेत.

तरी लिहितो, कारण या खेळाने माझ्या घरातली एक गाठ सोडवली. ती गाठ मीच मारलेली होती, हे कळायला मला चौदा वर्षे लागली.

गेल्या वर्षी माझी आषाढी चुकली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. गुडघ्याची शस्त्रक्रिया नांदेडला झाली, डॉक्टरांनी दोन महिने चालायचे नाही म्हणून सांगितले. दिंडी निघाली त्या दिवशी मी ओसरीवर खाटेवर पडून होतो. टाळ खुंटीला. गल्लीतून दिंडी गेली, सगळे येऊन पाया पडून गेले, आणि मग जी शांतता झाली ती तुम्हाला सांगून कळायची नाही. ज्याची वारी कधी चुकली आहे त्यालाच ती ठाऊक. ६ जुलैला एकादशी होती. त्या दिवशी सकाळपासून मी कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर अकरावीतला नातू शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘आबा, एक डाव खेळता का? पैशाचा नाही, देवाशपथ.’’

त्याच्या मोबाइलवर पत्त्यांची लढाई होती. राजा, राणी, गुलाम असे काही नाही. पानांवर राक्षस, जादूगार, पंखांचे घोडे, आग ओकणारे अजगर. प्रत्येकाच्या अंगावर दोन आकडे, एक माराचा आणि एक जिवाचा. नातवाची आजी लांबून पाहून म्हणाली, ‘‘एकादशीच्या दिशी राक्षसं घेऊन बसलेत.’’ तिला मी पुढे सांगितले की पत्त्यावर अवतार आणि असुर यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. सावंतवाडीला दशावतारी गंजिफा अजून हाताने रंगवतात. गोल पाने, एकूण १२०, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पाने. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो डाव सुरू करतो, रात्री बसले तर कृष्णाचा. तिला ते फारसे पटले नाही. ‘‘ते देव हायेत,’’ म्हणाली, आणि आत गेली.

खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे त्यावर उभे आहे. या जातीचा सगळ्यांत गाजलेला खेळ म्हणजे हर्थस्टोन. आम्ही खेळलो तो दुसरा, त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, पण घडण बरीचशी तशीच. हर्थस्टोनमध्ये हजारो पानांतून तीस पाने निवडून आपला संच आपणच बांधायचा. मुले त्याला डेक म्हणतात. एकच पान फार तर दोनदा घेता येते. पान टाकायला बळ लागते. पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन, असे वाढत वाढत दहापर्यंत. मोठा अजगर आठ-नऊ बळाचा, साधा प्यादा एक-दोनाचा. सुरुवातीला तीन-चार पाने हाती येतात, नको ती परत टाकून बदली मागता येते. कुणाची पाळी आधी, हे नशिबाने ठरते. पण ज्याची पाळी मागून येते त्याला एक पान जास्त मिळते, वर एका पाळीपुरते उसने बळही. मला ही गोष्ट आवडली. खेळ बांधणाऱ्याने नशीब नाकारले नाही, त्याची थोडी भरपाई केली.

म्हणजे पाहा, संच बांधणे आपल्या हातात. त्यातले कुठले पान कधी येईल, हे आपल्या हातात नाही. आले ते पान कुठे आणि कधी टाकायचे, हे पुन्हा आपल्या हातात.

आपल्याकडे मोक्षपट नावाचा खेळ आहे. सापशिडीचे ते जुने रूप. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर देते. त्यात घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे असतात आणि कवड्या टाकून पुढे जायचे असते. त्या पटावर खेळणाऱ्याला चाल अशी नाहीच. कवड्या पडतील तेवढी घरे जायचे, शिडी आली तर वर, साप आला तर खाली. झन्नामन्नाही तसाच, फक्त तिथे नावांऐवजी पैसे. पत्त्यांचे काही खेळ मात्र वेगळे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीच्या एका खटल्यात हाच भेद केला होता. रमी तीन पानीसारखी निव्वळ नशिबाची नाही, पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे यात कसब लागते, असे न्यायालयाने म्हटले. मोबाइलमधली ही लढाई त्याच बाजूची. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत हर्थस्टोन प्रदर्शनाचा खेळ म्हणून ठेवला होता, आणि भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने त्यात कांस्यपदक मिळवले. निव्वळ नशिबावर कुणी तिथवर जात नाही. नातवाने हे मला तीनदा सांगितले, बहुतेक आईला ऐकू जावे म्हणून.

मी पहिल्या आठवड्यात सगळे डाव हरलो. माझा संच मोठमोठ्या पानांचा होता. अजगर पाहिला की घेतला. हातात पाच अजगर आणि बळ दोनच, तोवर समोरच्याचे प्यादे मला कुरतडून खाऊन टाकत. नातू म्हणाला, ‘‘आबा, तुम्ही सगळ्या वावरात हळदच लावली. पोळ्याला घरात पैसे कुठून यायचे?’’ शेतकऱ्याच्या पोराने सांगितले आणि मला चटकन कळले. हळद नऊ महिन्यांची. ती जमिनीत असताना घर चालवायला मूग लागतो, सोयाबीन लागते. मी अजगर काढले, प्यादे घातले, आणि डाव जमू लागले.

मग आकडेमोडीची गोडी लागली. हव्या त्या पानाच्या दोन प्रती तीसमध्ये असतील, तर पहिल्या चार पानांत ते यायची शक्यता साधारण चारात एक. दहा पाने येईपर्यंत निम्म्याहून थोडी जास्त. पंधरा पानांपर्यंत चारात तीन. म्हणजे अर्धा संच उलटला तरी चारातल्या एका डावात ते पान येतच नाही. हा काही अन्याय नाही, हिशेबच तसा आहे. पण डावात बसलेल्या माणसाला तो अन्याय वाटतो. मला वाटायचा. जिंकलो की मी आजीला हाक मारून सांगायचो, कशी चाल केली ते. हरलो की म्हणायचो, ‘‘पानच आलं नाही लेका.’’

एक गोष्ट लपवत नाही. या खेळांत नवी पाने मिळवायची तर पुड्या विकत घेता येतात. बंद पुडी, आत काय निघेल ते उघडल्यावर. एका रात्री गुडघा ठणकत होता, झोप नव्हती. वारीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले आठशे रुपये मी फोनवरून भरले आणि पुड्या फोडत बसलो. त्यात कसली चाल नाही, कसले कसब नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात खेळ कसबाचा की नशिबाचा हा भेदच ठेवला नाही. त्या कायद्याची बातमी वाचताना मला ती रात्र आठवली. मी कुणाशी पैज लावली नव्हती. पण पुडी फुटताना जे बोट थरथरत होते ते पारावरच्या माणसाचेच होते. सकाळी नातवाला सांगितले. तो रागावला नाही, त्याने फोनमधली पैसे भरायची सोय बंद केली. ते आठशे रुपये मी दिंडीच्या शिध्यात घातले, पण त्याने ती रात्र पुसली जात नाही.

आता खरी गोष्ट.

श्रावणात एक डाव फार अटीतटीचा झाला. समोर कोण होता देव जाणे, मुंबईचा की मनिलाचा. माझ्यापुढे दोन चाली होत्या. एकीत मी त्याच्यावर धाव घेऊन पुढच्या पाळीत संपवू शकत होतो, पण त्याच्याकडे एक विशिष्ट पान असते तर मी मेलो असतो. दुसरीत आडोसा धरून दोन पाळ्या थांबायचे. नातू म्हणाला, धाव घ्या. त्याने बोटांवर मोजून दाखवले. समोरच्याच्या त्या पानाची एक प्रत आधीच पडून गेली होती, दुसरी आत्ता हातात असायची शक्यता फार थोडी, आणि थांबलो तर त्याचे बळ दहा होणार. मी धाव घेतली. समोरच्याने तेच पान टाकले.

मी मोबाइल खाटेवर आपटला. म्हणालो, ‘‘तुझं ऐकलं आणि बुडलो.’’

पोरगे गप्प बसले. मान खाली. मग हळूच म्हणाले, ‘‘आबा, पान पडायच्या आधी सांगा ना, चाल चुकली होती का?’’

मला उत्तर देता आले नाही. कारण चाल चुकली नव्हती. आणि ते खाली घातलेले तोंड मी आधी कुठे तरी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी नातवाने वही केली. प्रत्येक डावासाठी दोन रकाने. एकात निकाल, दुसऱ्यात चाल बरोबर की चूक. अट एवढीच की चालीचा रकाना निकाल लागायच्या आधी भरायचा. चाळीस डाव झाल्यावर आम्ही बेरीज केली. बरोबर खेळून जिंकलो सतरा. बरोबर खेळून हरलो नऊ. चुकीचे खेळून हरलो नऊ. आणि चुकीचे खेळून जिंकलो पाच. हे पाच डाव लिहून ठेवले नसते तर मी ते मोठेपणात मोजले असते. खरे तर त्यातल्या दोन डावांचे कौतुक मी आजीला ऐकवूनही झाले होते.

माउली, आपण नामदेवरायांच्या मुलखातले. नरसी आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तर वसमतपासून जवळच. गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही शंभर कीर्तनांत ऐकली असेल. मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले, एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. मी ही गोष्ट नेहमी नामदेवरायांच्या रागाची आणि पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे जाण्याची म्हणून ऐकत आलो. वही समोर ठेवून बसलो तेव्हा ती मला निराळी दिसली. ज्याच्या हातून पांडुरंग जेवला, त्याचे मडके कच्चे निघाले. निकाल पाहिला असता तर त्या मंडळीत त्यांच्याएवढा जिंकलेला दुसरा कोण होता? पण काकांनी निकाल विचारला नाही. कुंभार ठोकून पाहतो. आणि थोरवी कुठे आहे पाहा, नामदेवरायांनी ते शेवटी मानले आणि उठून औंढ्याला गेले. मी पाच डाव मानायला कुरकुरत होतो.

खाली घातलेले ते तोंड माझ्या धाकट्या भावाचे होते.

२०१० साली हळदीला कधी न पाहिलेला भाव आला. क्विंटलला दहा हजारांच्या पुढे. आमच्याकडे ज्यांनी आदल्या वर्षी माल धरून ठेवला त्यांची घरे बांधून झाली. २०११ च्या हंगामात आमची एकत्र शेती, माल चांगला निघाला. शिजवून, वाळवून, ढोलात घोटून पोती रचली होती. चैत्रात मी पंढरपूरला गेलो. चंद्रभागेच्या वाळवंटात असताना धाकट्याचा फोन आला. ‘‘दादा, इकू का ठिवू?’’ मी भजनात होतो. म्हणालो, ‘‘तुला कळतं तसं कर.’’ त्याने ठेवला. भाव त्या उन्हाळ्यापासून उतरायला लागला आणि २०१२ उजाडेपर्यंत निम्म्याहून खाली गेला. बँकेचे कर्ज तसेच राहिले. मी ओसरीवर चार माणसांत त्याला म्हणालो की माझ्या पाठीमागे तू घर बुडवलेस. त्याने मान खाली घातली. वर्षाच्या आत वाटण्या झाल्या, वाड्यात भिंत आली. त्यानंतर आम्ही लग्नकार्यात समोरासमोर आलो तर रामकृष्णहरी म्हणायचो, तेवढेच.

आता नातवाच्या वहीत तो डाव मांडून पाहा. पान पडायच्या आधी धाकट्याला काय दिसत होते? भाव चढत होता. धरून ठेवणारे वर आले होते. गावातले शहाणे म्हणवणारे चौघेही ठेवतच होते. सगळी पोती एकाच चालीवर लावली ही चूक म्हणता येईल, निम्मी विकायला हवी होती. पण ती चूक बुडवणाऱ्याची नव्हती. पोती मला न विचारता ठेवली असेही नव्हते. त्याने विचारले होते. विचारले तेव्हा मी चाल केलीच नाही, पान दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा झालो. आणि भाव दुप्पट झाला असता तर? तर मी गावात सांगत फिरलो असतो की मी वारीत होतो, पांडुरंगाने सांभाळले. धाकट्याचे नावही घेतले नसते. जिंकलो तर देवाची कृपा माझ्यावर, हरलो तर दोष भावाचा. सव्वीस वाऱ्या करून मी हा हिशेब ठेवत होतो.

भाद्रपदात मराठवाड्यात पावसाने जे केले ते तुम्ही जाणता. नीट पेरलेले, वेळेवर फवारलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. बांधावर उभे राहून कुणाला म्हणणार की तुझी चाल चुकली? त्या दिवसांत मी काठी घेऊन थोडे चालू लागलो होतो. धाकट्याचे वावर ओढ्याकाठी आहे, त्याचे जास्त गेले. मी जाऊन येऊ म्हणत राहिलो आणि गेलो नाही. पाय हे निमित्त होते.

कार्तिकीच्या आदल्या आठवड्यात गेलो. भिंतीला वळसा घालून त्याच्या दारात जायला चाळीस पावले लागतात, मी मोजली. तो अंगणात दोर वळत बसला होता. मला पाहून उठला, खाट पुढे ओढली. मी बसलो. काय बोलायचे ते रात्रभर जुळवले होते, त्यातले एक वाक्य आठवेना. शेवटी म्हणालो, ‘‘अकरा सालची हळद तू ठेवली, ते तवा बराबर होतं. मी चूक बोललो.’’

तो बराच वेळ दोराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘दादा, त्या दिशी तुमच्या फोनमधून नुसते टाळ ऐकू येत होते. मला वाटलं, तुम्हाला मी काय इचारलं ते ऐकूच गेलं नसंल.’’

ऐकू गेले होते. मी तसे त्याला सांगितले.

पुढे आम्ही पावसाचे बोललो, विम्याचे बोललो, त्याच्या मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेचे बोललो. उठताना त्याने विचारले, ‘‘औंदाची हळद निघाली म्हंजी? एकदम घालायची का ठिवायची?’’ मी पुन्हा बसलो. म्हणालो, ‘‘कागद आण, दोघं मिळून मांडू.’’ भावजयीने चहा आणला. साखर भरपूर होती. मला गोड चालत नाही हे तिला ठाऊक असायचे कारण नव्हते, ते वाटण्यांनंतरचे दुखणे. मी कप रिकामा केला आणि तो कागद घेऊन येईपर्यंत बसून राहिलो.